दहावा रेडिओ

कॉलेजात असताना दोन हंगाम मी एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवत होतो. हंगाम म्हणजे चैत्र-वैशाखातल्या यात्रा. गावच्या मारुतीसमोर स्टेज, मागे पुढाऱ्यांच्या फोटोंचा बॅनर, आणि सुपारी ठरलेली: इतकी नाचाची गाणी, एक गवळण, शेवटी देवाचं. एका रात्री आमची गायिका एक जुनं भावगीत गात होती. सुपारीत ते नव्हतंच, तिनं हट्टानं घेतलेलं. पुढची पोरं जरा चुळबुळली, पण बायकांच्या बाजूला शांतता पसरली होती. दुसऱ्या अंतऱ्यात ती वरच्या षड्‌जाकडे निघाली आणि मंडपाच्या तोंडाशी गाड्यांचे दिवे चमकले. कमिटीतला एक जण धावत स्टेजवर आला आणि त्यानं कीबोर्डवाल्याच्या मनगटावर हात ठेवला. गाणं तिथंच थांबलं. मग शाल, श्रीफळ, फेटा आणि 'फक्त दोन शब्द' म्हणून पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ ती माइक छातीशी धरून कडेला उभी होती. साहेब खाली उतरल्यावर कमिटीवाला म्हणाला, "ताई, आता साहेबांवरचं घ्या." ते आमच्याकडे तयार होतंच. एकच चाल होती, नाव बदलून चार तालुक्यांत चालायची.

परतताना टेम्पोत मी तावातावानं बोललो. पैसा आणि पुढारी यांनी मिळून गाण्याची माती केली, असं काहीतरी. कीबोर्डवाला स्पीकरच्या खोक्यावर डोकं टेकून पडला होता. डोळे न उघडता म्हणाला, "पाकीट मिळालं ना? झोप मग."

त्या वयात मला ते उत्तर निर्ढावलेपणाचं वाटलं. पुढे जुनं गाणं ऐकत आणि त्याच्या आगेमागचं वाचत गेलो, तसतसा माझा तो आरोप लंगडा पडत गेला. पैसा आणि राजकारण हे दोन आरोपी वगळले तर मराठी संगीताचा इतिहास उभाच राहत नाही. होनाजी बाळा आणि सगनभाऊ गायले ते पेशवाईच्या आश्रयानं. संगीत नाटक तिकिटावर वाढलं. आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं काय करायचं? टिळकांच्या 'केसरी'तला हा माणूस. त्यांचं 'कीचकवध' हे गद्य नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारनं नाटकावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी त्याच लेखणीतून 'मानापमान' हे संगीत नाटक आलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, नायिका भामिनी बालगंधर्वांची. सरकारनं गद्याचं तोंड दाबलं म्हणून मराठी माणसाच्या पदरात पदं पडली असं म्हटलं तर अभ्यासक रागावतील, आणि रागावावंच. पण तारखा एकमेकींना इतक्या लागून आहेत की मोह आवरत नाही.

दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ला, याच नाटकाचा 'संयुक्त' प्रयोग मुंबईत झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले म्हणजे धंद्यातले एकमेकांचे प्रतिस्पर्धी, दोन कंपन्यांचे मालक. ते एका रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. म्हणजे त्या रात्री राजकारण होतं, तिकीटबारी होती, दोन कंपन्यांची ईर्षाही होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत केशवराव वारले, वय ३१. आज शंभर वर्षांनंतरही त्या प्रयोगाची गोष्ट सांगताना लोकांचा आवाज बदलतो. ती रात्र पैशानं किंवा राजकारणानं बाटली असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

पैशाला सूट द्यावी असंही नाही. बालगंधर्वांच्या काळात वन्समोअरनं नाटकाचं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकीट काढलेला माणूस पद पुन्हा मागणार, गाणारा पुन्हा देणार, आणि नाटक पहाटेकडे सरकत राहणार. संवाद म्हणजे दोन पदांमधली मोकळी जागा होऊन बसले. गाणं श्रीमंत झालं आणि नाटक कंगाल. गिऱ्हाइकाच्या मर्जीची किंमत कुणीतरी मोजतंच. पुष्कळदा ती शेजारचा मोजतो.

ध्वनिमुद्रिकेचंही तसंच. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. दोन-दोन तास राग मांडणाऱ्यांना कंपनीनं सांगितलं, एवढ्यात बसवा. यापेक्षा ढळढळीत व्यापारी जबरदस्ती कोणती? तरीही केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी अशाच एका तबकडीवरची, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या या बाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत गेला आणि आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे फिरतो आहे. बाजारानं ठरवलेल्या मापाचा माल होता तो.

मग खराबी नेमकी कुठून सुरू होते? याचं उत्तर मला मिळालं ते एका मंत्र्याच्या कारकिर्दीत. मंत्री भ्रष्ट नव्हता, अडाणीही नव्हता, म्हणून ती गोष्ट जास्त बोलकी आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं त्या खात्यात राहिले. स्वतः गाणं शिकलेले, शास्त्रीय संगीतावर जीव असलेले. कलावंत नेहमी म्हणतात ना, की खुर्चीत एखादा जाणकार रसिक बसायला हवा? तर तो बसला होता. केसकरांना सिनेसंगीत थिल्लर वाटे. आकाशवाणीवरचा त्याचा वेळ कापला गेला. गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात, म्हणून नाव सांगायचं नाही असं ठरलं. निर्माते बिथरले, त्यांनी परवाने काढून घेतले, आणि काही काळ देशाच्या रेडिओवरून देशाची सर्वांत लोकप्रिय गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

गंमत बघा, त्याच १९५२ साली 'बैजू बावरा' आला. नौशादांचं संगीत आणि पडद्यामागे उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर यांची जुगलबंदी. विष्णु दिगंबरांचा मुलगा थिल्लर ठरलेल्या सिनेमात गात होता आणि दिल्लीत संगीताच्या शुद्धीचे आदेश निघत होते.

केसकरांची शुद्धीची कल्पना आणखी पुढे जाई. मुसलमान गवयांच्या हाती गेल्यामुळे हिंदुस्थानी संगीत बिघडलं असं त्यांचं मत होतं. हे मत महाराष्ट्रातल्या माणसाचं असावं याचं मला आजही नवल वाटतं. अल्लादिया खाँसाहेबांनी केसरबाईंना घडवलं आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सवाई गंधर्वांना. हे दोघे नसते तर आपण आज कुणाच्या नावाचे महोत्सव भरवले असते?

तर, लोकांनी काय केलं? रेडिओची खुंटी फिरवली. रेडिओ सिलोनवर, म्हणजे शेजारच्या श्रीलंकेच्या रेडिओवर, डिसेंबर १९५२ मध्ये 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज, आणि खर्च एका टूथपेस्टचा. पाहता पाहता बुधवारची रात्र सिलोनच्या नावानं झाली. त्या काळात एक किस्सा सांगत: दहा घरांतले रेडिओ तपासले, नऊ सिलोनवर लावलेले होते आणि दहावा बिघडलेला होता. म्हणजे हिंदी सिनेसंगीताच्या ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणून कवटाळतो, त्याला रसिक मंत्र्यानं घराबाहेर काढलं आणि दंतमंजनवाल्यानं आसरा दिला.

इथं लेख संपवून 'बाजार झिंदाबाद' म्हणता आलं असतं. पण केसकरांच्याच काळात आकाशवाणीचा दुसराही हात चालू होता. संस्थानं विलीन झाली होती, दरबारी आश्रय संपला होता आणि गवयांची अन्नान्न दशा व्हायची वेळ होती. तेव्हा रेडिओच्या नोकऱ्यांनी आणि मानधनानं कितीतरी घरातल्या चुली पेटत्या ठेवल्या. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन १९५४ मध्ये. बाजारानं यातलं काही केलं नसतं.

आणि पुणे केंद्र. ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. तिथं सीताकांत लाडांनी माडगूळकरांना गळ घातली आणि १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, 'गीतरामायणा'चं पहिलं गीत प्रक्षेपित झालं. आठवड्याला एक गीत, वर्षभर. अधिक महिना आला म्हणून एकूण ५६. लोक रेडिओला हार घालत, पुढ्यात उदबत्ती लावत, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. पण हे गदिमा कोण? सिनेमाचे पटकथाकार आणि गीतकार. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, कोण? सिनेमाचे संगीतकार. ज्या सिनेमाला खातं दारात उभं करत नव्हतं, त्याच सिनेमाच्या दोन माणसांनी त्याच खात्याला त्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट करून दिली. दर आठवड्याला गाणं देण्याची त्यांची सवय कुठली होती? स्टुडिओतली, निर्मात्याच्या तगाद्यातली.

या सगळ्याकडे एकत्र पाहिलं की माझ्या टेम्पोतल्या भाषणात काय चुकलं होतं ते कळतं. पैसा किती वाईट आणि सत्ता किती वाईट, याची मापं मी काढत बसलो होतो. माप काढायचं ते दारांचं. गाणाऱ्याला एका दारातून हाकललं तर ठोठावायला दुसरं दार आहे का? सिलोन होतं म्हणून केसकर सिनेसंगीताचं काही वाकडं करू शकले नाहीत. आकाशवाणी होती म्हणून गवयाला सिनेमाच्या दारात तिष्ठावं लागलं नाही. केसरबाईंची साडेतीन मिनिटं तेजाळ आहेत, कारण उरलेल्या रात्री मैफिलीत त्यांना कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. याच आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दाराबाहेर ठेवलं. अभारतीय वाद्य, आपल्या श्रुती यातून निघत नाहीत, असं कारण. तरी महाराष्ट्रात पेटी मेली नाही. ती भजनी मंडळात होती, नाटकात होती, प्रत्येक आळीत एका तरी घरी होती. १९७१ मध्ये बंदी सैल झाली तेव्हा सरकारनं एका धट्ट्याकट्ट्या वाद्याला मेहेरबानीनं परत घेतलं.

दार एकच असलं की काय होतं, ते बघायला दूर जावं लागेल. सोव्हिएत रशियात संगीतकार शोस्ताकोविचच्या ऑपेरावर पक्षाच्या 'प्रावदा' या वृत्तपत्रानं जानेवारी १९३६ मध्ये झोड उठवली. तिथं सरकारच मालक, सरकारच गिऱ्हाईक, सरकारच समीक्षक. त्यानं आपली चौथी सिंफनी मागे घेतली. ती वाजली १९६१ मध्ये. मधल्या काळात, १९३७ साली, पाचवी आली आणि ती थोर आहे. दडपणातूनच थोर कला जन्मते असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. पण 'प्रावदा'नं झोडलं तेव्हा तो तिशीतही नव्हता आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं जगला. एवढ्या काळात एकही नवा ऑपेरा त्याच्या हातून पुरा झाला नाही. पाचवी सिंफनी ऐकून दडपणाचा हिशेब मांडायचा म्हणजे पीक विमा कंपनीनं उभं पीक बघून नुकसान ठरवण्यासारखं. जळालेलं दिसतच नाही. जे लिहिलंच गेलं नाही, त्याची मैफल कोण ऐकणार?

आपल्याकडेही अशी न झालेली गाणी आहेत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारनं बंदी आणली होती. अण्णाभाऊंची 'मैने'ची छक्कड उघडउघड राजकीय आहे. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढता काढता तो गडी महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावावर येतो आणि विरह तोच राहतो. राजकारण आलं म्हणून त्या गाण्याचं काही घटलं नाही. त्याला गिरणगाव नावाचं स्वतःचं दार होतं. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांनाही वस्त्या होत्या. रेडिओच्या वेळापत्रकात त्यांच्या गाण्याला किती जागा होती ते सगळे जाणतात. ते गाणं घराघरांत शिरलं ते ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्यावर. एका बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि गल्लीतला माणूसही कॅसेट काढू लागला. प्रल्हाद शिंदे त्याच ताकदीनं विठ्ठल गात होते आणि भीमगीतंही. टपरीवर दोन्ही कॅसेटी शेजारी शेजारी विकल्या जात. ज्या कामाला संस्कृतीच्या खात्याला चाळीस वर्षं पुरली नाहीत, ते निव्वळ नफ्यासाठी माल काढणाऱ्यांनी करून टाकलं. त्यांचे हेतू उदात्त होते असं मी म्हणत नाही. दार उघडणाऱ्याचा हेतू बघायला आत जाणाऱ्याला कधी सवड असते?

आज वरवर पाहता दारांचा सुकाळ आहे. मोबाइल हातात असलेला प्रत्येक जण आपलं गाणं जगापुढे टाकू शकतो. इथं माझं मत तरुण मित्रांना पटत नाही, पण सांगतो. ही सगळी दारं एकाच दालनात उघडतात आणि त्या दालनाचा चौकीदार एक गणित आहे. पहिल्या काही सेकंदांत बोट थांबलं पाहिजे. म्हणून मुखडा आधी, आलाप नाहीच, तीस सेकंदांचा नाचता येईल असा तुकडा हवा. तबकडीनंही वेळ बांधला होता, पण ती खोक्याची मर्यादा होती. आत काय भरायचं ते केसरबाई ठरवत. आता खोकं आणि आतला माल दोन्ही ठरवून येतात. लोककलेच्या नावाखाली रोज एक 'नवं' गाणं येतं, त्यात ढोलकीचा तोच तुकडा कॉपी-पेस्ट केलेला असतो. ढोलकीवाल्याला त्या दिवशी बोलावलेलंच नसतं.

राजकारणाचं दारही असंच निमूटपणे एक होत चाललं आहे. पूर्वी बंदीचा हुकूम निघायचा, तो वाचता यायचा, त्याविरुद्ध कोर्टात जाता यायचं. आता हुकूम लागत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींची मैफल ठरली होती, तीही जगजीतसिंगांच्या स्मरणार्थ. शिवसेनेच्या विरोधामुळे ती रद्द झाली. पुढे जानेवारी २०१६ मध्ये ते कोलकात्यात गायले. तिथलं सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं. दुसरं दार उघडलं खरं, पण तेही एका पुढाऱ्याचंच. श्रोता कुठल्याच दाराचा मालक नव्हता.

जिल्ह्याच्या पातळीवर तर हे आणखी साधं असतं. महोत्सव साहेबांचा, मंडळ साहेबांचं, जयंती साहेबांची, वर्गणीतला मोठा आकडा साहेबांचा. सभागृह पालिकेचं, आणि आपण सहा महिने आधी भाडं भरून घेतलेली तारीख मेळाव्यासाठी चार दिवस आधी काढून घेतली जाते. कुणी धमकी देत नाही. गाणाऱ्याला आपलं आपण कळतं की कुठलं गाणं घ्यायचं आणि कुठलं वहीतच ठेवायचं. कलावंतांना पुरस्कार आणि मानपत्रं द्या, जरूर द्या. पण मला विचाराल तर तालुक्याच्या गावी तीनशे खुर्च्यांचं, परवडणाऱ्या भाड्याचं, एकदा दिलेली तारीख न फिरवणारं एक सभागृह दहा पुरस्कारांना भारी आहे. दोनशे माणसांनी शंभर-शंभर रुपये दिले तर गाणारा त्या दोनशे जणांचा मिंधा होतो. दोनशे जणांचा मिंधा कुणा एकाचा मिंधा नसतो.

आमच्या त्या कीबोर्डवाल्याचा आता स्वतःचा स्टुडिओ आहे. दुकानाच्या गाळ्यावर एक खोली, भिंतींना फोम, एसी. वाढदिवसाची गाणी, प्रचाराची गाणी, यूट्यूबवाल्यांचे ट्रॅक. धंदा बरा आहे. मागच्या महिन्यात गेलो तर म्हणाला, बस, एक ऐकवतो. हार्ड डिस्कवर एक फोल्डर होतं, त्याला नुसतं 'माझं' असं नाव. आत अकरा चाली. ग्रेसच्या नाहीत, सुरेश भटांच्या नाहीत. त्याच्या आईच्या ओव्यांवर बांधलेल्या. हे त्याच्याकडे आहे याचा मला वीस वर्षांत पत्ता नव्हता. पहिलीच चाल सुरू झाली, नुसती पेटी आणि त्याचा स्वतःचा बसका आवाज. मी म्हणालो, अरे, हे बाहेर काढ. म्हणाला, "कुठं?"

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं चाल थांबवली आणि पाच मिनिटं "हो साहेब, होऊन जाईल साहेब" केलं. मग माझ्याकडे वळला. कुठल्याशा साहेबांनी पक्ष बदलला होता. गाणं तेच ठेवायचं होतं, फक्त चिन्ह बदलायचं होतं आणि नवं चिन्ह काही केल्या मीटरात बसत नव्हतं. त्यानं जुना ट्रॅक उघडला, कोरस म्यूट केला आणि ओळ दोन-तीनदा गुणगुणून पाहिली.

"दोन मात्रा कमी पडतात रे," तो म्हणाला. "मध्ये काय टाकू, सुचव की काहीतरी."